आग्नेस पॉकेल्स : पाण्याच्या पृष्ठभागाचे रहस्य शोधणारी विदुषी

पूर्वी कल्हईवाला दारात येऊन भाता मांडून बसला म्हणजे आळीतील साऱ्या मुलांचा घोळका त्याच्याभोवती जमत असे. त्याचे काम ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांना आठवेल की, कथलाला हात लावण्यापूर्वी तो कितीतरी वेळ नुसते भांडे घासण्यातच घालवी. भांड्यात वाळू घालून, त्यात उभा राहून, तो पायांनी ते गरगरा फिरवी. मग तापलेल्या तांब्यावर नवसागराची पूड टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि त्यानंतर कुठे कथलाचा बोळा एका हातासरशी भांडेभर चांदीसारखा पसरे. घासण्यात हयगय झाली, एखाद्या कोपऱ्यात तेलकटपणाचा किंवा काजळीचा अंश राहिला, तर त्या जागी कथील धरत नसे. गोळी होऊन घरंगळत जाई. तांबे तेच, कथील तेच, विस्तवही तोच. परंतु दोहोंच्या मधोमध डोळ्यांना न दिसणारा एक दुबळा थर राहून गेला की सारे काम फुकट जाते.

कल्हईवाल्याला हे अनुभवाने ठाऊक होते. पण असा थर असतो तरी किती जाड, तो काय करतो आणि किती झाला म्हणजे करतो, हे मोजून सांगण्याचे काम ज्या व्यक्तीने प्रथम केले, ती कोणी मोठ्या विद्यापीठातील आचार्य नव्हती. ती होती जर्मनीतील एका मध्यमवर्गीय घरात आईबापांची शुश्रूषा आणि स्वयंपाकपाणी पाहणारी एक अविवाहित मुलगी. तिचे नाव आग्नेस पॉकेल्स.

आग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी इटलीतील व्हेनिस शहरी झाला. त्या काळी व्हेनिस ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे व तिचे वडील थिओडोर पॉकेल्स हे ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. उत्तर इटलीच्या दलदलीच्या मुलखात त्यांना हिवतापाने गाठले. प्रकृती कायमची ढासळली आणि १८७१ साली त्यांना नोकरीतून मुदतीपूर्वी निवृत्त व्हावे लागले. तेव्हा हे कुटुंब उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी येऊन राहिले. आग्नेस त्या वेळी नऊ वर्षांची होती. पुढचे सारे आयुष्य तिने याच गावी काढले.

तेथील मुलींच्या शाळेत ती शिकली. पदार्थविज्ञानाची तिला लहानपणापासूनच विलक्षण ओढ होती. परंतु शाळा संपली आणि विद्येचा मार्गही तेथेच संपला, कारण तत्कालीन जर्मन विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. प्रशियातील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांसाठी रीतसर उघडले ते १९०८ साली. तोवर आग्नेसबाई शेहेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. मधल्या काळात पुढे शिकण्याची शक्यता दिसू लागली तेव्हाही, आईवडिलांच्या इच्छेखातर, त्यांनी तो विचार सोडून दिला. घरात वडील आजारी, आईची प्रकृतीही तोळामासा. धाकटा भाऊ फ्रीडरिख हा मात्र ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकू लागला. एकाच घरातील दोन मुले, दोघांची बुद्धी सारख्याच तोलाची. एकाला प्रयोगशाळा मिळाली आणि दुसरीला स्वयंपाकघर. या भावाचे मात्र एका गोष्टीसाठी ऋण मानले पाहिजे. तो आपली पुस्तके बहिणीला आणून देई आणि पुढे शास्त्रीय नियतकालिकेही तिच्या हाती पडतील अशी व्यवस्था करी. विजेच्या प्रभावाने स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशात जो बदल होतो, त्याला आज पॉकेल्स परिणाम म्हणतात, तो याच फ्रीडरिखच्या नावावरून.

आग्नेसच्या संशोधनाचा आरंभ भांडी घासण्याच्या पाण्यातून झाला असे सांगतात. रोजच्या रोज उष्टी भांडी धुताना स्वच्छ पाणी आणि तेलकट पाणी यांच्या पृष्ठभागाची वागणूक निराळी असते, हे तिच्या नजरेत भरले. भांडी तर जगातील सर्वच गृहिणी घासतात. पण अठरा-वीस वर्षांच्या या मुलीला असा प्रश्न पडला की, हा निराळेपणा मोजता येईल काय?

येथे क्षणभर थांबून पाण्याच्या पृष्ठभागाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाण्याच्या पोटातील प्रत्येक रेणूला शेजारचे रेणू चोहोबाजूंनी सारख्याच जोराने ओढीत असतात, त्यामुळे त्या ओढी एकमेकींना मारून टाकतात. पृष्ठभागावरील रेणूची गोष्ट निराळी. त्याच्या डोक्यावर हवाच काय ती असते. सारी ओढ खालून आणि बाजूंनी. परिणामी पृष्ठभाग ताणून बसवलेल्या पडद्याप्रमाणे आक्रसू पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. पानावरचे दहिवर गोल दिसते, तेल पुसलेली सुई अलगद ठेवल्यास पाण्यावर तरते, ती याच ताणामुळे. पाण्यावर तेलाचा अगदी पातळ थर आला की हा ताण कमी होतो. कापराचा लहानसा खडा स्वच्छ पाण्यावर टाकला तर तो वेड्यासारखा गिरक्या घेत धावतो, आणि केसांतून फिरवलेले बोट त्या पाण्याला नुसते लावले की तत्काळ निश्चल होतो, हा प्रयोग विद्यार्थी मित्रांनी घरी अवश्य करून पाहावा. ताट मात्र आधी लख्ख घासलेले असावे, नाहीतर कापूर मुळीच हलणार नाही आणि मग दोष या लेखाला लागेल!

तेलाच्या या सामर्थ्याची माहिती जुनीच होती. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले, तेव्हा ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेले आणि तेवढ्या भागातील लहान लाटा शांत झाल्या. परंतु हे सारे पाहणे झाले, मोजणे नव्हे. मोजण्यात अडचण अशी होती की, पाण्याचा पृष्ठभाग अत्यंत चटकन मळतो. हवेतील धूळ, भांड्याच्या काठाचा ओशटपणा, हाताचा स्पर्श, कशानेही तो बिघडतो. आज जो आकडा आला तो उद्या येत नाही.

आग्नेसने यावर जी युक्ती काढली ती इतकी साधी आहे की, ती आधी कोणाला सुचली कशी नाही याचे नवल वाटावे. तिने पत्र्याची एक लांबट पन्हळीसारखी तबकडी घेतली. लांबी ७० सेंटिमीटर, रुंदी ५ सेंटिमीटर आणि खोली अवघी २ सेंटिमीटर. ती काठोकाठ पाण्याने भरली. मग सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची एक पट्टी तबकडीवर आडवी अशी ठेवली की, तिची खालची बाजू पाण्याला टेकावी. या पट्टीने पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग झाले. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकवीत नेली की, पृष्ठभागावरचा सारा मळ, केरसुणीने अंगण झाडावे तसा, पुढे लोटला जाई आणि पट्टीच्या मागे ताजा, निर्मळ पृष्ठभाग उघडा पडे. पाणी स्वच्छ करण्याचा प्रश्न असा सुटला. याच पट्टीचा दुसरा उपयोग याहून मोठा होता. पृष्ठभागावर तेलाचा किंचित अंश टाकून पट्टी पुढे-मागे सरकवली की, तेवढ्याच तेलाला जागा कमी किंवा जास्त करून देता येई. किती जागा उरली ते कडेला धरलेल्या मोजपट्टीवर वाचता येई.

राहिला प्रश्न ताण मोजण्याचा. त्यासाठी तिने ६ मिलिमीटर व्यासाची एक लहान चकती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवली आणि ती वर उचलून सोडवायला किती वजन लागते हे लहानशा तराजूने मोजले. पाणी चकतीला जितके घट्ट धरून ठेवील तितके वजन अधिक. एवढीच तिची सारी सामग्री होती. घरकाम आणि शुश्रूषा यांतून उरलेल्या वेळात सुमारे दहा वर्षे हे प्रयोग चालले होते.

या प्रयोगांतून जे दिसले ते कोणालाही अपेक्षित नव्हते. वाटते असे की, तेल थोडे असेल तर ताण थोडा कमी होईल, अधिक असेल तर अधिक कमी होईल. प्रत्यक्षात तसे घडेना. तेलाचा अंश असलेला पृष्ठभाग पट्टीने आवळीत गेले तरी बराच वेळ ताणात काहीच फरक पडत नसे; जणू तेल तेथे नाहीच. मग एका ठराविक मर्यादेला पृष्ठभाग आला की, तेथून पुढे ताण एकदम झपाट्याने उतरू लागे. पट्टी मागे घेतली की ताण पुन्हा पहिल्या जागी. ही मर्यादा पदार्थागणिक ठरलेली होती.

याचा अर्थ समजण्यासाठी आपल्या घरातील परातीत मूठभर ज्वारी विखरून टाका आणि फळीच्या कडेने ती एका बाजूला लोटू लागा. दाणे सुटे सुटे आहेत तोवर फळीला काहीच जाणवत नाही. दाण्याला दाणा भिडून एकेरी थर तयार झाला की मात्र फळीला अडथळा लागू लागतो. पाण्यावरील तेलाचे रेणू असेच वागतात. ज्या क्षणी ते एकमेकांना खेटतात, नेमक्या त्याच क्षणी पृष्ठताण ढळतो. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची पकड मोडण्यास तेलाचा नुसता एका रेणूइतका जाड थर पुरतो. हा उलगडा त्या वेळी आग्नेसच्या हाती पूर्णपणे आला नव्हता, पण ज्या खुणेवरून तो पुढे झाला, ती खूण तिचीच होती.

एवढे काम हाती असूनही ते प्रसिद्ध कसे करावे हे कळेना. पदवी नाही, गुरू नाही, कोणत्याही संस्थेचे नाव पाठीशी नाही. जर्मनीतील शास्त्रीय नियतकालिकांचा मार्ग तिला मोकळा नव्हता. वर्षे जात होती. अशा वेळी इंग्लंडमधील लॉर्ड रॅली यांनी याच विषयावर प्रयोग आरंभिल्याचे तिच्या वाचनात आले. आकाश निळे का दिसते याचा उलगडा करणारे आणि पुढे १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच रॅली. १८९० साली त्यांनी ८४ सेंटिमीटर व्यासाच्या टबात पाणी भरून, कापराचे नाचणे थांबवण्यास किती ऑलिव्ह तेल लागते, हे मोजले होते. उत्तर आले, एका मिलिग्रॅमहूनही कमी. थराची जाडी निघाली मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील सुमारे दीड भाग.

१० जानेवारी १८९१ रोजी आग्नेसने धीर करून लॉर्ड रॅलींना जर्मन भाषेत एक लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात आपली तबकडी, पट्टी, तराजू व सारे निष्कर्ष मांडले. तिचे वय तेव्हा अठ्ठावीस. हे प्रयोग आपण स्वतः प्रसिद्ध करण्याच्या स्थितीत नाही, तरी त्यांचा उपयोग व्हावा, असा त्या पत्राचा आशय होता.

आता रॅलींच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झाले असते, याचा विचार मनात येतो. ते स्वतः याच विषयात गढलेले होते. परदेशातील एका अनोळखी मुलीने स्वयंपाकघरात बसून आपल्याही पुढची मजल मारली आहे, हे त्यांना पत्र वाचताच कळले असणार. पत्र बाजूला ठेवून दिले असते किंवा त्यातील युक्ती गुपचूप आपल्या प्रयोगांत वापरली असती, तरी त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. रॅलींनी तसे केले नाही. लेडी रॅली यांनी पत्राचे इंग्रजी भाषांतर केले. आणि रॅलींनी ते ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकाच्या संपादकांकडे धाडून, अगदी घरगुती साधनांनी मिळवलेले हे निष्कर्ष मोलाचे असल्याने त्यांना जागा द्यावी, अशी विनंती केली. पत्राचा पूर्वार्ध आपल्या पूर्वीच्या कामाशी जुळणारा आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र आग्नेस पॉकेल्स यांच्या नावाने छापून आले. लॉर्ड रॅलींच्या चरित्रात मोठमोठे शोध पुष्कळ आहेत. या एका पत्राची नोंद त्यांच्या शेजारी बसावी असे मला वाटते.

त्यानंतर मात्र वाट मोकळी झाली. ‘नेचर’मध्ये त्यांचे आणखी लेख आले, मग जर्मन नियतकालिकांनीही त्यांचे लेखन स्वीकारले. आयुष्यभरात डझनाहून अधिक शोधनिबंध त्यांनी लिहिले. द्रव पदार्थ काचेला किती घट्ट चिकटतो, घन पदार्थावर तो पसरतो की थेंब होऊन बसतो, थेंबाची कड पृष्ठभागाशी किती कोन करते, या प्रश्नांकडे त्या पुढे वळल्या. कल्हईवाल्याच्या भांड्यात कथील पसरावे की गोळी व्हावे, हा प्रश्नही याच जातीचा. चंद्रामुळे होणाऱ्या भरतीओहोटीवरील जॉर्ज डार्विन यांच्या इंग्रजी ग्रंथाचे जर्मन भाषांतरही त्यांनी १९०२ साली प्रसिद्ध केले.

घरची जबाबदारी मात्र सुटली नाही. वडील १९०६ साली वारले. १९१३ साली भाऊ फ्रीडरिख गेला. तो त्या वेळी हायडेलबर्ग येथे प्राध्यापक होता. त्याच्या मृत्यूने भाऊ तर गेलाच, पण ज्याच्याकडून नवी पुस्तके व नियतकालिके येत, तो दुवाही तुटला. पुढच्याच वर्षी आई वारली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्ध व त्यानंतरची ओढगस्त यांतून आग्नेसबाईंचे प्रयोग जवळजवळ थांबलेच.

त्यांच्या कामाचे पुढे काय झाले ते पाहू. १८९९ साली रॅलींनी आग्नेसच्या त्या मर्यादेचा अर्थ उलगडला : तेथे रेणूंचा एकेरी थर पुरा होतो. १९१७ साली अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तीच तबकडी व तीच सरकती पट्टी सुधारून घेतली, पट्टीवर पडणारा दाब सरळ मोजण्याची सोय केली आणि रेणूंचा आकारही काढला. स्निग्धाम्लाचे रेणू पाण्यात डोके खुपसून, शेपट्या वर करून, दाटीने उभे असतात व त्या दाटीत प्रत्येकाला जवळजवळ तेवढीच जागा लागते, मग शेपटी लांब असो वा आखूड, हे त्यांनी दाखवले. लँगम्यूर यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या लेखनात त्यांनी आग्नेसबाईंच्या पद्धतीचा उल्लेख केला आहे. तरीही जगभरच्या प्रयोगशाळांत ही तबकडी लँगम्यूर यांच्या नावाने ओळखली जाते. पॉकेल्स हे नाव फारच थोडे लोक तिला जोडतात. ही गोष्ट मनाला लागते खरी.

मायदेशाला मात्र त्यांची आठवण उशिरा का होईना झाली. १९३१ साली जर्मनीतील कलिल-विज्ञानाच्या मंडळाने त्यांना, फ्रान्सचे आंरी दव्हो यांच्याबरोबर, पारितोषिक दिले आणि १९३२ साली, त्यांच्या सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ज्या गावात साठ वर्षांपूर्वी ती लहान मुलगी राहावयास आली होती, त्याच गावचे हे विद्यापीठ. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी आग्नेसबाईंचे तेथेच निधन झाले.

त्या एकेरी थराची कहाणी तेथे संपली नाही. धरणे व तळी यांतील पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून त्यावर असा थर पसरण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास या कामी उपयोगी पडतील अशी द्रव्ये शोधून काढली. परंतु या तबकडीने सर्वांत मोठे काम केले ते एका अगदी अनपेक्षित जागी.

अपुऱ्या दिवसांची पुष्कळ बालके जन्मतःच धापा टाकू लागत व दोन-तीन दिवसांत दगावत. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पॅट्रिक हा मुलगा ऑगस्ट १९६३ मध्ये अशाच विकाराने, जन्मल्यापासून दोन दिवसही न पुरे होता, गेला. आपल्या फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांना आतून पाण्याचा पातळ लेप असतो. या पाण्याचा पृष्ठताण शुद्ध पाण्याइतका असता, तर दर श्वासाबरोबर त्या पिशव्या मिटून गेल्या असत्या. निरोगी फुप्फुसात मात्र त्या पाण्यावर स्निग्ध रेणूंचा थर असतो व तो हा ताण मोडून टाकतो. कल्हईच्या भांड्यात जो दुबळेपणा नको असतो, तोच येथे प्राणाचा आधार ठरतो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरी मीड यांनी दगावलेल्या बालकांच्या फुप्फुसांतील द्रव अशाच तबकडीत घेऊन, पृष्ठभाग सरकत्या पट्टीने आवळून पाहिला. ताण उतरावा तितका उतरेना. बालकांच्या फुप्फुसांत तो स्निग्ध थर अजून पुरेसा तयारच झालेला नव्हता. १९८० साली जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी अशा दहा बालकांच्या श्वासनलिकेत बाहेरून तयार केलेले ते द्रव्य सोडले, आणि काही तासांतच त्यांचा श्वास सुधारू लागला. आज अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी ते औषध भारतातील रुग्णालयांतही वापरले जाते.